मागची कड

ऐक, आणि मध्ये मध्ये तोंड घालू नकोस, आधी सगळं नुसतं ऐकून घे. शेवटी तुला एक विचारणार आहे, म्हणून कान देऊन ऐक.

तर एक टेलरबाई आहे आणि तिची एक मुलगी आहे. मुलगी लहानपणी इतकी काडीसारखी होती की घरात तिचं नावच सुई पडलं. आता बघशील तर चांगले भरलेले दंड आहेत, बरणीचं कितीही घट्ट झाकण एका फटक्यात उघडते, पण नाव काही बदललं नाही, सुई ती सुईच. खाली आईचं दुकान आणि वर एक खोली. दुकान म्हणजे कसं, काचेत बिनडोक्याचा पुतळा, त्याच्या गळ्यात टेप, आत भलंमोठं कापायचं टेबल, आणि भिंतीभर खिळे. त्या खिळ्यांना गिऱ्हाइकांचे कागदी नमुने अडकवलेले. एकेका माणसाची पाठ, छाती, बाही, सगळं कागदातलं. आणि गंमत म्हणजे त्या कागदांवर नावं नाहीत. आई कागद हातात घेते, जरा झटकते आणि तिला कळतं की हे कोण आहे. जुनं गिऱ्हाईक आलं की टेपला हातही लावत नाही. म्हणते, तुमचं अंग मला पाठ आहे, कापड ठेवा आणि जा.

आता या बाईची खरी करामत ऐक. तिला दारातून आत येणाऱ्या माणसाचं सगळं वाकडंतिकडं एका नजरेत दिसतं. याचा एक खांदा उतरलेला, हिची मान पुढे आलेली, त्याची कंबर एका बाजूला सरकलेली. पण ती बोलत नाही. चकार शब्द काढत नाही. कपड्यात भरपाई करते. उतरत्या खांद्याला आतून जाड गादी, वाकलेल्या पाठीला मागे जास्तीचं कापड, असं कुठे काय दडवते ते शिवणीलाही कळू नये. आणि गिऱ्हाईक आरशात बघून खूश, की वा, आपण काय पट्टीने आखल्यासारखे आहोत. त्या अख्ख्या रस्त्यावर निम्मे लोक स्वतःला सरळ समजत फिरतात ते केवळ या बाईच्या कृपेने.

आणि सुईचं काम बरोब्बर उलटं. ती बाहेर जाऊन दोन्ही हातांनी माणसाची ठेवण सुधारायचं काम शिकून आली. मालिश नाही हां. मालिश म्हटलेलं तिला अजिबात खपत नाही. ती आधी तुला नुसतं उभं करते आणि बघते. मग चालायला लावते, श्वास घ्यायला लावते, परत बघते. मग तोंडासाठी भोक असलेल्या एका टेबलावर तुला पालथं घालते आणि बोटांच्या पेरांनी, मनगटाच्या वरच्या हाडाने, कोपराने असं हळू, इतकं हळू दाबत सरकते की तुला वाटावं हिला झोप लागली की काय. आणि मग कुठेतरी आत काहीतरी सुटतं, आणि उठल्यावर तुला तुझेच पाय नवीन वाटतात. आणि काय वाकडं आहे ते ती तोंडावर सांगते. तिच्या शिकवणाऱ्या बाईंचा नियमच होता, की माणसाला त्याचं अंग खरं खरं सांगायचं, आणि उठल्यावर तो मुद्दाम ताठ उभा राहिला तर त्याला म्हणायचं, सोडा. धरून ठेवलेलं सरळ हे सरळ नव्हे.

तर शिकून आली, टेबल घेऊन आली, आणि आईकडे वरची खोली मागितली. त्या खोलीत तेव्हा कापडाचे तागे होते. आईने तागे हलवले, पण तिचं तोंड असं झालं होतं जसं ताग्यांच्या जागी बकऱ्या ठेवायला दिल्यात. म्हणाली, उन्हाळाभर बघू. चाललं तर चाललं, नाहीतर माझे तागे परत वर. आणि एक अट घातली. माझं गिऱ्हाईक मापात असताना, म्हणजे माप दिल्यापासून कपडा घालून जाईपर्यंत, त्याच्या अंगाला तू हात लावायचा नाहीस.

सुईला ही अट भयंकर झोंबली. कारण एरवी आई काय म्हणायची? आई म्हणायची, अगं, हे सगळं मनाचं असतं, माणसाला कोणी मायेने थोपटलं की बरं वाटतंच, मी पण लहानपणी तुझी पाठ थोपटायचे, मी काय पाटी लावली का? मग जर हे नुसतं थोपटणं आहे, तर अट कशाला? पण हे विचारायची सोय नव्हती. विचारलं की आई तोंडात टाचण्या धरायची. तोंडात टाचण्या असलेल्या बाईशी भांडता येत नाही, हे तिला चांगलं माहीत आहे.

सुईला पाटी, नाव, गर्दी यातलं काही नको होतं असं नाही, पण आतून तिला एकच हवं होतं. आईने एकदा, फक्त एकदा म्हणावं की पोरी, तुझ्या हातात काहीतरी आहे. बास. बाकी जगाने म्हटलं तरी ते कमीच पडणार होतं.

आता यात डॉक्टर येतो. दातांचा डॉक्टर, त्याच रस्त्यावर चार दुकानं सोडून त्याचा दवाखाना. चाळिशी पार केलेला, एकटा, स्वभावाने गोड, आणि वर्षानुवर्षं लोकांच्या तोंडात डोकावून डोकावून उजवीकडे कललेला. म्हणजे तो सरळ उभा राहिला तरी वाटावं की समोरच्याची अक्कलदाढ बघतोय. पण हे त्याला माहीतच नव्हतं. कारण त्याचे सगळे कोट कोणाकडचे? आईकडचे. आईने उजव्या खांद्यात अशी काही गादी बसवलेली असायची की कोट घातला की हा माणूस एकदम ताठ.

आणि अशा माणसाचं लग्न ठरलं. शाळेतल्या गणिताच्या बाईंशी. एकदा त्या दोघांचा फोटो कोणीतरी काढला, त्यात हा कोटाशिवाय, नुसत्या टीशर्टमध्ये होता. गणिताच्या बाईंनी फोटो बघितला, मान वाकडी करून बघितला, फोटो वाकडा करून बघितला, आणि म्हणाल्या, मागची भिंत सरळ आहे, म्हणजे तुम्हीच. त्या प्रेमानेच म्हणाल्या, पण डॉक्टरच्या डोक्यात तो कोन घुसला तो घुसलाच. घरी जाऊन आरशासमोर शर्ट काढून उभा राहिला आणि त्याला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा उजवा खांदा भेटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, आई दुकानातून जेवायला आत गेली असताना, तो मांजराच्या पावलांनी जिना चढून सुईच्या खोलीत आला. म्हणाला, तुझ्या आईला सांगू नकोस हं. मावशी मला नेहमी म्हणतात की डॉक्टर, तुमच्यासारखा बांधा शिवायला मजा येते. त्यांना कळलं की मी वाकडा आहे तर त्यांना किती वाईट वाटेल.

बघ, म्हणजे आईने इतकी वर्षं त्याला वाईट वाटू नये म्हणून सांगितलं नाही, आणि आता आईला वाईट वाटू नये म्हणून हा सांगत नव्हता. आणि सुई मधल्या जिन्यावर.

तिने विचारलं, आईकडे काही शिवायला टाकलंय का? नाही म्हणाला. तेव्हा खरंच टाकलं नव्हतं. मग सुईने आईला सांगणार नाही असा शब्द दिला आणि त्याला टेबलावर घेतलं.

आणि काय सांगू, इतका भित्रा माणूस तिने बघितला नव्हता. अख्ख्या रस्त्याला हा सांगतो की जराही दुखणार नाही, आणि इथे सुईचं कोपर नुसतं जवळ आलं तरी हा पालथा पडल्या पडल्या पाय आखडायचा. वर सुईला त्याच्यावर सूड उगवायची आयतीच संधी मिळाली होती. लहानपणी तो तिच्या तोंडात आरसा, नळी, कापूस सगळं घालून विचारायचा, काय मग, शाळा काय म्हणते? आता त्याचं तोंड टेबलाच्या भोकात आणि सुई त्याच्या पाठीवर कोपर टेकवून विचारायची, काय मग, लग्नाची तयारी काय म्हणते? आणि खालून नुसतं ऊंऊं ऐकू यायचं.

पण काम सुईने जीव ओतून केलं. बरगड्यांच्या मधलं, काखेच्या मागचं, कंबरेच्या उजव्या बाजूचं, इतक्या वर्षांत जे जे आखडून बसलं होतं ते तिने हळूहळू मोकळं केलं. आणि तो बदलायला लागला. आधी श्वास खोल झाला. मग मान मागे आली. मग उजवा खांदा, जो वर्षानुवर्षं खाली बघत होता, तो वर यायला लागला.

आणि नेमका तेव्हाच हा माणूस खाली गेला आणि आईला म्हणाला, मावशी, लग्नाचा कोट शिवायचाय.

सुईने जिन्यातून ऐकलं आणि तिथेच पायरीवर बसली. अट म्हणजे अट. आता हात लावायचा नाही. पण काम अर्ध्यावर होतं गं. एक बाजू सुटलेली, दुसरी अजून सुटायचीय. तिने स्वतःला समजावलं की आई तरी अर्धी कड दुमडून कपडा देते का? नाही ना? मग. शिवाय आई माप घेईल, तिला नवा खांदा दिसेल, ती त्याप्रमाणे कापेल. यात बिघडलं काय?

बिघडलं असं, की आईने माप घेतलंच नाही. खिळ्यावरचा कागद काढला, झटकला, म्हणाली, तुमचं अंग मला पाठ आहे, डॉक्टर. कापड ठेवा आणि जा. तेव्हा तो दवाखान्यातला ढगळ पांढरा डगला घालून आला होता, त्यामुळे तिला दिसलंही नाही. आणि जुन्या डॉक्टरच्या कागदावर तिने नव्या डॉक्टरचा कोट कापला.

पहिल्या ट्रायलला सुई मुद्दाम खाली दुकानात बसून बटणं लावत होती. डॉक्टरने कोट चढवला. तू बघायला हवं होतंस, म्हणजे मी पण नव्हते तिथे, पण सुईने मला करून दाखवलं. उजवा खांदा टेकडीसारखा वर, कॉलर मानेपासून सुटून लांब उभी, आणि खालची कड उजवीकडून उचललेली, जसं कोणीतरी अदृश्य माणसाने त्याला कोटाला धरून उचललंय. डॉक्टर आरशात बघून हसला. त्याला वाटलं, कच्ची शिलाई आहे, असंच असतं. आई हसली नाही. तिने टाचण्या तोंडात धरल्या आणि त्याच्याभोवती एक चक्कर मारली. मग आणखी एक. मग एकदम साधेपणाने म्हणाली की कापड जरा ओढलं गेलंय, परवा या.

डॉक्टर गेल्यावर आई त्या कोटाकडे बघत उभी राहिली. त्याचा जुना कागद काढून त्यावर ठेवला. तंतोतंत. कुठे दोऱ्याचा फरक नाही.

तिने गादी पातळ केली, खांदा उसवून परत बसवला. पण मधल्या काळात हा गडी आणखी एकदा जिना चढून वर जाऊन आला होता, कारण सुईने डावी बाजू अर्धी ठेवली असती तर तो दुसरीकडे कलला असता. तर दुसऱ्या ट्रायलला काय? परत तेच. कमी, पण तेच. आणि मग आईने जे केलं ते सुईने जन्मात बघितलं नव्हतं. आईने टेप काढली आणि स्वतःच शिवलेल्या कोटाचं माप घेतलं. मग परत घेतलं. चष्मा पुसला आणि परत घेतलं. डॉक्टर बिचारा म्हणाला, मावशी, असू द्या, छान आहे. तर आईने त्याच्याकडे असं बघितलं की तो कोट काढून, घडी घालून, मुकाट्याने निघून गेला.

त्या दिवशी जेवताना आई ताटात बोटं फिरवत बसली. सुईने विचारलं, बरं नाही का? आई म्हणाली, माझा डोळा गेला गं.

सुई म्हणाली, चष्म्याचा नंबर वाढला असेल. आई म्हणाली, नंबराचं नाही. सुईत दोरा पहिल्या झटक्यात जातोय. हा आतला डोळा गेला. जो माणूस मला पाठ आहे तोच मला चुकला. आता मी कोणाचं अंग पाठ आहे म्हणायचं? आणि मग म्हणाली की हा कोट कसाबसा उरकते आणि दुकान आवरते. कोपऱ्यावरच्या तयार कपड्यांच्या दुकानात काय, लोक आपापलं घेतातच. हे ती रडून म्हणाली असती ना, तर सुईला बरं वाटलं असतं. पण ती असं म्हणाली जसं कोणी म्हणावं की साखर संपलीय.

आता सुईची अवस्था बघ. एका बाजूला बोलली तर अट मोडल्याचं उघड, खोली गेली, तागे परत वर. डॉक्टरला दिलेला शब्द गेला. दुसऱ्या बाजूला आईचा हा चेहरा. आणि तिसरी एक बाजू पण होती, ती तिने फक्त मला सांगितली. तिला आतून गुदगुल्याही होत होत्या. कारण आईचा डोळा गेला नव्हता, म्हणजे त्याचा अर्थ काय? त्याचा अर्थ, डॉक्टरचा खांदा खरोखर हलला होता. आईच्याच कोटाने सांगितलं होतं. आणि ते फक्त सुईला माहीत होतं. एवढं मोठं शाबासकीचं पत्र, आणि ते दाखवायची चोरी.

सकाळी दुकान उघडायच्या आधी ती खाली आली तर आई मोठी कात्री फडक्यात गुंडाळत होती. तीच कात्री, जिला हात लावला म्हणून लहानपणी सुईने मार खाल्ला होता. सुई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी राहिली आणि एका श्वासात म्हणाली,

"आई, डॉक्टर वाकडा होता, तो आता नाहीये. मी केलं."

आईचे हात थांबले. फडकं तसंच.

"माप दिल्यावर?"

"आधी सुरू केलं होतं. मग अर्ध्यावर कसं सोडणार?"

सुईला वाटलं आता आभाळ कोसळणार. आईने फडकं सोडून कात्री बाहेर काढली, धार अंगठ्याने बघितली, आणि विचारलं, "म्हणजे माझा डोळा ठीक आहे?"

"ठीक काय, मला हेवा वाटावा इतका ठीक आहे."

आईने एकदा डोळे मिटून उघडले. आणि मग जी सुरू झाली. म्हणजे ओरडली नाही, पण तिला सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल? अटीचा नाही. तिला राग आला की सुईने त्याला सांगितलं. म्हणाली, इतकी वर्षं मी त्या माणसाचा खांदा सांभाळला, त्याला कळू दिलं नाही, आणि तू सरळ तोंडावर सांगून मोकळी? सुई म्हणाली, मी नाही, गणिताच्या बाईंनी सांगितलं. आई म्हणाली, त्यांचा संसार, त्या बघतील, तू कशाला दुजोरा दिलास? सुई म्हणाली, अगं, सांगितल्याशिवाय सुटत नाही ते. आई म्हणाली, शिवल्यावर दिसत नाही ते.

मग जरा वेळाने, कात्री परत जागेवर ठेवून झाल्यावर, आईने तिरक्या नजरेने विचारलं की दाबून दाबून हाड कसं हलतं. आणि तेव्हा सुईला पहिल्यांदा नीट सुचलं. तिने टेबलावरचा कोट घेतला, उलटा केला आणि म्हणाली, हे अस्तर आखडलं तर काय होतं? आई म्हणाली, वरचं कापड ओढलं जातं, कितीही इस्त्री करा. सुई म्हणाली, बास, तेच. हाडं नाही हलवत मी. आतलं अस्तर मोकळं करते.

आई म्हणाली, "मग हे पहिल्या दिवशी सांगायला काय झालं होतं? काय ते ऊती, पेशी, ताण, लोकांना कळेल असं बोलत जा की."

तर डॉक्टरला बोलावलं. डगला काढा, शर्ट काढा, आणि बनियनवर उभे राहा. बिचारा लाजून चूर. आईने टेपने नखशिखांत माप घेतलं, नवा कागद कापला आणि जुना कागद चुरगळून न टाकता त्याच खिळ्यावर नव्याच्या मागे अडकवला. गादी काढून टाकली, दोन्ही खांदे सारखे. कोट असा बसला की काय सांगू. लग्नात गणिताच्या बाई त्याच्याकडे सारख्या तिरकं बघत होत्या, आता काही कोन सापडतोय का म्हणून, आणि तो आलेल्या प्रत्येकाच्या दातांकडे बघत होता, पण सरळ उभा राहून.

आता तुला वाटेल की झालं, संपलं. नाही. कारण आई कोटाबद्दल बोलली, डोळ्याबद्दल बोलली, अस्तराबद्दल बोलली, पण ते एक वाक्य काही बोलली नाही. उन्हाळा संपत आला. ताग्यांचा नवा माल खाली दारात येऊन पडला, आणि आई त्याच्याकडे बघायची आणि जिन्याकडे बघायची. सुईचा जीव टांगणीला.

आणि एक दिवस दुपारी आई स्वतः जिना चढून वर आली. गळ्यात टेप तशीच. म्हणाली की डॉक्टर माझ्यापेक्षा तरुण आहे, लग्न ठरलेलं, अशी माणसं हवेनेही ताठ होतात. माझ्यावर करून दाखव.

आईची पाठ म्हणजे मशीनवरची पाठ. वर्षानुवर्षं मशीनच्या सुईच्या टोकाकडे बघून बघून पोक आलेलं, खांदे पुढे, मान कासवासारखी. आणि तिला ते पक्कं माहीत आहे, कारण ती स्वतःचे शर्ट स्वतः कापते आणि मागून लांब कापते. पोक असलं की कापड पाठीवर खर्च होतं आणि मागची कड वर उचलली जाते, म्हणून ती मागे जास्तीचं ठेवते, म्हणजे मग कड सगळीकडून सारखी दिसते. आता आरशासमोर उभी राहून, मान वळवून तिने सुईला कड दाखवली. सारखी. म्हणाली, तू काही केलं असशील तर ही मागची कड खाली लोंबेल. नाही लोंबली तर तागे वर. कपडा खोटं बोलत नाही.

सुईने टेबलावरची चादर सारखी केली. तिला माहीत होतं की एवढी जुनी पाठ एका बैठकीत बोटभरसुद्धा हलली तर नशीब. पण आई टेबलावर चढत होती, चपला नीट जोडून ठेवत होती, आता कोण काय बोलणार?

आई पालथी झाली आणि सुईने हात ठेवला. आणि मला म्हणाली, की हात ठेवल्यावर मला कळेना पुढे काय करायचं. म्हणजे इतक्या पाठी बघितल्या, पण ही पाठ तिने फक्त मागून, मशीनसमोर वाकलेलीच बघितली होती, हात कधी लावला नव्हता. खांद्यांच्या मध्ये एक जागा लाकडासारखी. तिथे ती थांबली, पेरं टेकवली आणि वाट बघत बसली. आई सुरुवातीला बडबडत होती की पडदा जुना झालाय, इथे वारा येत नाही, भोकातून फरशी दिसतेय आणि ती पुसलेली नाही. मग बडबड कमी झाली. मग थांबली. मग एका जागी सुईच्या हाताखाली काहीतरी जरासं ढिलं झालं आणि आईने एवढा मोठा श्वास घेतला, जसा ती टाचण्या तोंडातून काढल्यावर घेते.

मग सुईने तिला उठवलं, पाय खाली सोडायला लावले, आणि आई आरशासमोर गेली.

आणि मागची कड खाली लोंबत होती. चांगली लोंबत होती. एवढी की लांबून दिसावी.

सुईचं काळीज असं उडालं की बस. आई आरशात मान वळवून कडेकडे बघत होती, आणि म्हणाली, "आहे हो. तुझ्या हातात काहीतरी आहे."

म्हटलं तिने. जे ऐकायला पोरगी किती वर्षं थांबली होती ते वाक्य, अक्षर न अक्षर. आणि त्याच क्षणी सुईला दिसलं. तिचं कामच ते आहे गं, तिला न दिसून कसं चालेल? आईच्या बरगड्या हलत नव्हत्या. हनुवटी आत ओढलेली. पायाची बोटं फरशीला घट्ट धरून बसलेली. आणि ते वाक्यसुद्धा असं बारीक आवाजात आलं होतं, जसं श्वास कोंडून बोलल्यावर येतं. आई धरून उभी होती. थोडं खरं होतं, थोडं सुईच्या हातांनी झालं होतं, पण बाकीचं सगळं आई होती. इतकी वर्षं जगाचे खांदे गाद्या लावून सरळ करणाऱ्या बाईने आज पोरीसाठी स्वतःचीच पाठ गादी म्हणून लावली होती.

आणि सुईला सांगायचं होतं ते एकच. सोड, आई. शिकवणाऱ्या बाईंचा नियम. धरून ठेवलेलं सरळ हे सरळ नव्हे. पण सोड म्हटलं तर कड वर जाणार, आणि कडेबरोबर ते वाक्यपण.

तर सुईने काय केलं माहितीये? ती वळली. आईकडे पाठ केली आणि टेबलावरची चादर घडी घालायला घेतली. हळू, इतकी हळू जितकी ती माणसांना दाबते. एक टोक, मग दुसरं टोक, मग उलगडून परत पहिल्यापासून, की आईला वेळ मिळावा. आणि मग मागून ऐकू आलं, एक लांब श्वास बाहेर सुटल्याचा आवाज, आणि मग आईच्या चपलांचा, आणि मग जिन्यावरून खाली जाताना आईचा, की ते तागे मी पुतळ्यामागे लावते, तिथे जागा आहे.

मी सुईला म्हटलं, तू सांगायला हवं होतंस, तुझं कामच खरं सांगायचं आहे. ती म्हणाली, मी पण त्याच घरात वाढले ना. आता तू सांग, अगदी खरं, तू तिथे चादर हातात घेऊन उभी असतीस आणि मागे आई श्वास कोंडून आरशासमोर असती, तर तू काय केलं असतंस?